पहिलं पान दाखवा

“पहिलं पान दाखवा, सर.”

अण्णांच्या टायपिंगच्या दुकानाची पायरी चढणाऱ्याला नमस्काराऐवजी हे वाक्य ऐकायला मिळायचं. बोलताना ते उजवा हात पुढे करायचे, तळवा वर. पहिल्या वेळी मला वाटलं, पेनड्राइव्ह मागताहेत. मी तो हातावर ठेवला. त्यांनी तो टेबलावर बाजूला सरकवला आणि हात पुन्हा पुढे केला.

“हे न्हाई. कागद. तुमी प्रबंधात ज्या ज्या पेपरांचा संदर्भ दिलाय, त्यांचं पहिलं पान.”

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस. डाळिंबावरच्या तेल्या रोगात सहा वर्षं घालवून प्रबंध कसाबसा लिहून झाला होता. प्रबंधाच्या शेवटी, आपण कोणाकोणाचं वाचून हे लिहिलं त्याची यादी लागते, ती संदर्भसूची. माझ्या सूचीत एकशे ऐंशी नोंदी होत्या. त्या फक्त नीट क्रमानं लावून, स्वल्पविराम जागच्या जागी टाकून हव्या होत्या.

“एकशे ऐंशी पानं आणून दाखवू?”

“दाखवा की. बघितल्याशिवाय मी कसं टाकू?”

मनातल्या मनात दोन शिव्या हासडून मी घरी आलो आणि कागदांचे गठ्ठे उपसायला बसलो. तीन दिवस उपसत होतो. एकशे ऐंशीतल्या एकतीस पेपरांचं एकही पान माझ्याकडे निघालं नाही, कारण ते मी कधी पाहिलेच नव्हते. दुसऱ्यांच्या याद्यांतून उचलले होते. सगळेच असं करतात, असं मी स्वतःला सांगितलं. तुम्ही कधी संशोधनाच्या वाटेला गेला असाल तर तुम्हीही सांगितलं असेल.

दुकान सोलापूरच्या भवानी पेठेत होतं, एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला टॉवेलांच्या कडा शिवणारं कुटुंब. मागच्या गल्लीतले यंत्रमाग दिवसभर खडखडत असायचे, त्यामुळे तिथं सगळे जरा वरच्या पट्टीत बोलायचे. अण्णा तेवढे हळू बोलायचे. त्यांचे वडील मागावर होते, घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि पडद्यावर इंग्रजी. शिक्षण बारावी. सुरुवातीला लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करायचे, मग कोणीतरी एक प्रबंध आणून दिला आणि ते त्यातच अडकले.

“मला शास्त्र कळत न्हाई, सर,” ते म्हणायचे. “कागद हाय का न्हाई, तेवढं कळतंय.”

दुसऱ्याच्या कागदांना हात लावण्याआधी ते हात धुवायचे. गिरणीचं पीठ उडून सगळीकडे बसायचं, हे एक कारण. पण गिरणी बंद असायची त्या दिवशीही ते धुवायचेच.

त्यांच्यापाशी एक जाडजूड वही होती. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक प्रबंधाच्या याद्यांतल्या चुका तीत उतरवून ठेवलेल्या. चुकीवरून प्रबंधाचं कूळ ओळखायचं, हे त्यांचं खास काम. एकदा माझ्यासमोर एका मुलाची यादी हातात घेऊन ते म्हणाले, “कुर्डुवाडीच्या सरांचा प्रबंध घेतलाय न्हवं समोर?” मुलगा चपापला. “तितं पान नंबर तीनशे सतराचं तीनशे एकाहत्तर पडलंय. तवापासनं ज्यांनी ज्यांनी उचललं, सगळ्यांचं एकाहत्तरच हाय. मूळ पेपर कुणी उघडलाच न्हाई.”

आणि एक होते डी. बॉटनी. आमच्या भागातल्या कितीतरी प्रबंधांत या गृहस्थांचं नाव तिसरे लेखक म्हणून येतं. अण्णांनी मला एकदा सहज विचारलं, “सर, हे बॉटनी कोण?” मी गोंधळलो. म्हटलं, असतील कोणी परदेशी. अण्णांनी मूळ पेपर काढून समोर ठेवला. लेखक दोनच होते. त्यांच्या नावांखाली छापलं होतं, डिपार्टमेंट ऑफ बॉटनी. कधीकाळी कोणा दमलेल्या विद्यार्थ्यानं ती ओळ लेखकांत ढकलली होती आणि पुढच्या सगळ्यांनी त्या बॉटनीसाहेबांना मानानं वागवलं होतं. माझ्याही यादीत ते होते. अण्णा हसले नाहीत. त्यांनी ते नाव खोडलं आणि पुढची नोंद मागितली.

ज्या पेपरचं पहिलं पान मिळत नसे, त्याच्या लेखकाला ते स्वतः ईमेल पाठवायचे. चार ओळींचं इंग्रजी पाठ केलेलं होतं: आदरणीय सर, मी सोलापूरहून लिहितोय, कृपया आपल्या पेपरचं पहिलं पान पाठवावं. माझ्या त्या एकतीसांपैकी तेवीस त्यांनी असे मिळवून दिले. बाकीचे आठ गाळायला लावले.

“ब्राझीलचा माणूस लई चांगला हाय, सर. पहिलं पान मागितलं, दोन तासांत सगळा पेपर धाडला. वर ‘सोलापूर कुटं हाय’ म्हणून इचारलंय.”

“मग काय सांगितलंत?”

“डाळिंबाचा फोटो पाठवला.”

मी पुढे गाइड झालो, माझे विद्यार्थी त्यांच्याकडे जाऊ लागले. मग अण्णांनी आपणहून एक काम अंगावर घेतलं. दर रविवारी सकाळी व्हॉट्सअॅपवर माझ्यासाठी यादी यायची, त्या आठवड्यात तेल्यावर नवीन काय छापून आलं त्याची. मी कॉलेज, नॅकची तपासणी, परीक्षा आणि बैठका यांत बुडालेलो. खरं सांगायचं तर माझ्या विषयात जगात काय चाललंय हे मला भवानी पेठेतून कळायचं.

“दोन नवीन आलेत, सर. एक तुमच्या विरोधात हाय.”

“विरोधात? तुम्हाला कसं कळलं?”

“शीर्षकात ‘नॉट’ हाय की. तुमच्या शीर्षकात नव्हतं.”

तो पेपर खरोखरच माझ्या विरोधात होता. त्यामुळे मला एक प्रकरण नव्यानं लिहावं लागलं आणि ते आधीपेक्षा चांगलं झालं. एखादा जुना पेपर त्या जर्नलनं मागे घेतला तरी अण्णांना कळायचं. मग ते फोन करायचे आणि आवाज खाली आणून सांगायचे, “सर, तुमच्या यादीतला बाविसावा माघारी घेतलाय. आता त्याच्यावर काही टेकवू नका.” घरातली वाईट बातमी सांगावी तसे सांगायचे.

इथपर्यंत लिहायला सोपं गेलं. आता पुढचं.

माझी एक विद्यार्थिनी बार्शीची होती. तिथल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवायची. कायम होण्यासाठी पीएच.डी. हवी होती आणि नोंदणीची मुदत एका शुक्रवारी संपत होती. हुशार होती, पण घर, एसटी आणि तास यांच्यात ती पिळवटून गेली होती. तिच्या सूचीत दोनशे बारा नोंदी होत्या. दोनशे पाचांची पहिली पानं तिनं अण्णांना दाखवली. सातांची नव्हती.

अण्णांनी मला दुकानात बोलावलं. सात नावं त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून काढली होती.

“सर, हे सात कुटंच न्हाईत. जर्नल हाय, अंक हाय, पण त्या पानावर दुसराच पेपर हाय. मी लेखकांना लिवलं. हा बघा, हा माणूस म्हणतोय, मी असं काही लिवलंच न्हाई.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती. “नेटवर विचारलं तेव्हा मिळाले होते, सर,” ती म्हणाली. “आता लिंक उघडत नाही.” हल्ली कॉम्प्युटरला प्रश्न विचारला की तो उत्तराखाली संदर्भही देतो, आणि नसले तर तेही बनवून देतो. हे मला ठाऊक होतं. मी पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते सात गाळावे लागले असते, त्यांच्यावर उभं असलेलं एक प्रकरण पाडावं लागलं असतं, आणि मुदत चुकली असती.

“माणसं विसरतात, अण्णा,” मी म्हणालो. “स्वतःचे पेपरही विसरतात.”

“सर, असं नसतंय.”

“टाका तुम्ही.”

“पान बघितल्याबिगर मी कधी…”

“अण्णा, गाइड मी आहे. तुम्ही टायपिंग करता.”

मागांचा खडखडाट चालू होता म्हणून आवाज चढवला, असं मला तेव्हा म्हणता आलं असतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते उठून आत गेले, हात धुऊन आले आणि टाइप करायला बसले. सात नोंदी म्हणजे त्यांना पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी त्यांना अर्धा तास लागला. मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रडत होती आणि मी घड्याळ बघत होतो.

बाहेरच्या परीक्षकांनी चार महिन्यांनी अहवाल पाठवला. प्रबंध चांगला आहे, पण सूचीतल्या सात नोंदी अस्तित्वात नाहीत, खुलासा करावा. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही, त्याची यात काही चूक नव्हती. तिथल्या समितीनं माझ्याकडे लेखी खुलासा मागितला.

खरं लिहिलं तर मुलीची नोंदणी रद्द होणार आणि माझी गाइडशिप जाणार. माझ्याकडे आणखी चार विद्यार्थी होते, त्यांचं काय, असंही मी स्वतःला विचारलं. त्यांचा विचार मी शेवटी केला होता, पण खुलाशात त्यांना आधी आणलं. मग दुसरा परिच्छेद लिहिला: टंकलेखनाच्या वेळी दुसऱ्या एका प्रबंधाच्या यादीतील नोंदी अनवधानाने या यादीत मिसळल्या. खाली टंकलेखकाच्या सहीसाठी जागा ठेवली.

ते पत्र घेऊन मी अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून ते वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, आता फाडतील. फाडायला हवं होतं, असं आज वाटतं.

“तारीख चुकलीय, सर,” ते म्हणाले. “आपण यादी केली तो बुधवार. तुमी गुरुवारची घातलीय.”

त्यांनी माझ्या पेनड्राइव्हमधून ते पत्र उघडलं, तारीख दुरुस्त केली, स्वतःच्या प्रिंटरवर नवीन प्रत काढली आणि सही केली. सगळं पत्र खोटं आणि तारीख तेवढी खरी. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

“पोरीचं होईल न्हवं?” त्यांनी विचारलं.

“होईल.”

“मग जावा. ऑफिस बंद व्हायच्या आत द्या.”

तिचं झालं. सात नोंदी आणि ते प्रकरण काढून प्रबंध पुन्हा सादर केला, व्हायवा झाली, ती कायम झाली. पेढे घेऊन माझ्या घरी आली. खुलाशात काय लिहिलं होतं हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ते पत्र समितीतल्या पाच जणांनी वाचलं आणि महिन्याभरात सोलापुरातल्या सगळ्या गाइडांना माहीत झालं. अण्णांकडे याद्या मिसळतात. डोळे गेले असतील. वय झालं. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर हे बोललं जायचं आणि मी चहा प्यायचो. एकानं तर माझी कीव केली, म्हणाला, “तुम्हाला बिचाऱ्याला निष्कारण निस्तरावं लागलं.” आधीच निम्मं काम सॉफ्टवेअरनं नेलं होतं. उरलेलं या बातमीनं नेलं.

आणि मी काय केलं, तर माझा पुढचा विद्यार्थी दुसऱ्या दुकानात पाठवला. अण्णांकडे पाठवला असता तर लोकांनी विचारलं असतं, एवढं होऊनही यांच्याकडेच कसं? तिथल्या पोरानं एक पानही न मागता तासाभरात यादी लावून दिली. तीत डी. बॉटनी होते.

रविवारची यादी मात्र येत राहिली. मी खाली ‘धन्यवाद’ लिहायचो. एकदा त्यांनी यादीबरोबर वेगळी ओळ पाठवली, ‘सर, दुकान बंद केलं, नंबर हाच हाय.’ त्याखालीही मी धन्यवादच लिहिलं. घाईत होतो, वाचलं नव्हतं नीट. पुसून टाकावं म्हटलं तोवर त्यांनी पाहिलं होतं.

नंतर ते एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. मी एकदा मुद्दाम तिकडं गेलो, बोलायचं ठरवून गेलो. ते टॉवेलांवरची लेबलं तपासत उभे होते. मला बघून लगबगीनं पुढे आले, जुन्या गिऱ्हाईकाला बसायला द्यायला तिथं काही नव्हतं म्हणून ओशाळले.

“अण्णा, मी समितीला खरं कळवणार आहे.”

“आता नका, सर. तिची नोकरी जाईल की. लहान पोरं हायती तिला.” मग म्हणाले, “हितं बरं हाय. लेबल टॉवेलावरच असतंय. कुणाला मागावं लागत न्हाई.”

मला सुटल्यासारखं झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं खरं. त्यांनीच नको म्हटलं, असं म्हणत मी स्कूटर सुरू केली.

गेल्या महिन्यात गिरणीवाल्यांचा फोन आला. अण्णांना कारखान्यातच झटका आला होता, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिसऱ्या दिवशी मी घरी भेटायला गेलो. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत चादर अंथरलेली. मोठा फोटो अजून करून आला नव्हता. पाटावर पासपोर्टएवढा फोटो ठेवला होता आणि तो पडू नये म्हणून मागे तांब्या लावला होता. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं.

“बरं झालं तुमी आलात,” त्या म्हणाल्या. “एक इचारायचं होतं. यांनी खरंच तसं केलं होतं का, सर? याद्या मिसळल्या?”

मी पाटावरच्या फोटोकडे पाहिलं.

“मी इचारलं की म्हणायचे, झालं ते झालं. कालपासनं येणारा प्रत्येक माणूस म्हणतोय, शेवटी डोळ्यांनी दगा दिला. भातातला खडा मला दिसायच्या आधी त्यांना दिसायचा, सर. परवापर्यंत.”

“नाही, वहिनी. त्यांनी काही मिसळलं नाही. ती सात नावं मी टाकायला लावली. ते नको म्हणत होते. पत्र मी लिहिलं आणि त्यांची सही घेतली.”

त्या रडतील किंवा मला घराबाहेर काढतील, दोन्हीची मी तयारी केली होती. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या उठल्या, आतून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि दाराजवळ ठेवली.

“बसा हितं.”

मी बसलो. थोड्या वेळानं गिरणीवाले आले. ते चादरीवर टेकतात न टेकतात तोच वहिनी म्हणाल्या, “ह्यांना सांगा, सर.”

मी चाचरत सुरुवात केली. म्हणालो, त्या प्रकरणात अण्णांविषयी थोडा गैरसमज झाला होता, वास्तविक…

“तसं न्हाई,” वहिनींनी मला थांबवलं. “मगाशी मला सांगितलं तसं. मी सांगितलं तर बायको हाय म्हणून बोलती म्हणतील. तुमी सांगा.”

मी सांगितलं. सात नावं मी टाकायला लावली, ते नको म्हणत होते, पत्र मी लिहिलं. गिरणीवाले माझ्याकडे आणि मग फोटोकडे बघत राहिले. नंतर शेजारचं शिवणकाम करणारं जोडपं आलं. त्यांना सांगितलं. कारखान्यातले तिघे आले, त्यांना सांगितलं. संदर्भ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, मग तेही सांगावं लागलं. अण्णांची मेहुणी सिकंदराबादहून आली होती, तिला वहिनींनी माझं बोलणं वाक्यावाक्यानं तेलुगूत करून दिलं. दर वेळी वाक्यं लहान होत गेली. आडवळणं आपोआप गळाली.

पाचच्या सुमाराला दारात एक गाडी थांबली. उतरले ते विद्यापीठाच्या त्या समितीतले एक सर. ते पत्र वाचून माझ्या पाठीवर थाप मारणारे, “सुटलात” म्हणणारे. त्यांचा स्वतःचा प्रबंधही अण्णांच्याच हातून गेला होता. मला बघून त्यांनी मान हलवली आणि फोटोला हात जोडले. “फार चोख माणूस,” ते हळूच म्हणाले. “शेवटी जरा नजर गेली, एवढंच.”

माझी गाइडशिप आता जाणार, हे मला कळत होतं. बार्शीच्या मुलीचं काय होईल ते कळत नव्हतं. अण्णांनी कारखान्यात मला काय बजावलं होतं, तेही आठवत होतं.

“सांगा, सर,” वहिनी म्हणाल्या.

मी खुर्चीवरून उठलो आणि सांगायला लागलो. वहिनी भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला असता, तरी त्यांनी मला थांबवलं असतं.